दूरचा डोंगर निळा का दिसतो?

सह्याद्रीच्या रांगा पाहताना जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा निळसर आणि शेवटचा जवळजवळ आभाळात विरलेला दिसतो. झाडी तीच, पण मध्ये हवा आहे. हवेचे रेणू लाल प्रकाशाच्या सुमारे सहापट निळा प्रकाश विखुरतात. लॉर्ड रेले यांनी १८७१ मध्ये त्याचं गणित मांडलं. अंतर वाढतं तसा हा विखुरलेला उजेड डोंगराच्या रंगावर चढत जातो आणि गडद सावल्याही फिकट होतात.

लिओनार्दो दा विंचीनं हे रेले यांच्या साडेतीन शतकांहून अधिक काळ आधीच ओळखलं होतं. 'मोनालिसा'च्या मागचे निळसर, धूसर डोंगर पाहा. खोलीचा भास तिथे रेषेपेक्षा हवेनं दिला आहे. माझ्या मते खरी करामत रंगाची नाही, उजळ-गडदाची आहे. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तरी ही खोली टिकते.

धुक्याचं वेगळं. त्याचे थेंब मोठे असल्यानं सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं. सावल्या मऊ होतात, कडा हरवतात आणि चित्र शांत, किंचित उदास भासतं. जलरंगात तो पांढरेपणा बहुतेकदा कोऱ्या कागदाचाच असतो.