मोटारीवरील पाण्याचे डाग

धुतलेली मोटार उन्हात वाळली, की तिच्या चकचकीत रंगावर पांढुरकी वर्तुळे उमटतात. पाणी तर उडून गेले. मग मागे राहिले ते काय?

विहिरीचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची संयुगे आपल्यात विरघळवून घेते. अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात. लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असलेले अर्धा लिटर पाणी मोटारीवर सुकले, तर ३०० मिलिग्रॅम क्षार तेथेच राहतात. थेंबाच्या कडेशी बाष्पीभवन जलद होते. ती तूट भरून काढण्यास आतील पाणी कडेकडे वाहते आणि क्षारही तेथेच साचतात. शिकागो येथील संशोधकांनी १९९७ साली हा उलगडा केला. डागास कड्याचा आकार येतो, तो यामुळे.

हे डाग कोरड्या फडक्याने घासू नयेत. धुळीतील गारेचे कण रंगावर ओरखडे पाडतात. प्रथम धूळ धुऊन काढावी. मग पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, त्यात भिजविलेले मऊ फडके थंड पृष्ठभागावर मिनिटभर ठेवावे. व्हिनेगरमधील आम्लाने कॅल्शियम कार्बोनेटाचे विद्राव्य क्षारात रूपांतर होते व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसावे.

सिलिकेचा थर मात्र व्हिनेगरला दाद देत नाही. आणि वरच्या पारदर्शक लेपातच खड्डा पडला असेल, तर तो घासून सपाट करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून मोटार सावलीत धुवावी आणि थेंब सुकण्यापूर्वीच टिपून घ्यावे, हे उत्तम.