भाषाशिक्षकांची निर्यात आणि व्हिसाचे अर्थशास्त्र

परदेशी नोकरीस जाणारा मराठी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतो, अभियंता येतो, अलीकडच्या काळात संगणक क्षेत्रातील तरुण येतो. शाळामास्तर येत नाही. आणि भाषा शिकविणारा मास्तर तर नाहीच नाही. वस्तुतः गेल्या काही वर्षांत या चित्रात लक्षणीय फरक पडला आहे. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील शिक्षकांना तेथील पात्र शिक्षकाचा दर्जा मिळविण्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. ही मुभा गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आणि ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना शिकविण्यापुरती मर्यादित आहे. भाषा म्हणजे इंग्रजी नव्हे, तर इंग्रज मुलांना परक्या असणाऱ्या फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषा. पुण्यात जर्मन शिकलेल्या मराठी मुलीने इंग्लंडमध्ये जाऊन इंग्रजांच्या मुलांना जर्मन शिकवावे, ही कल्पना आपल्या वाडवडिलांना गंमतीची वाटली असती. आज ती शासकीय नियमात बसते.

आपल्याकडील बाजूही पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात नव्याने लागणारा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे मानधन वाढविण्यात आले, तेव्हा ते माध्यमिक शाळेत दरमहा १८ हजार रुपये झाले. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याची अवस्था तर सुटी लागली की मिळकत थांबली, अशी. २०२४-२५ या वर्षी इंग्लंडमध्ये, लंडनबाहेर, नव्या शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन ३१,६५० पौंड होते. पौंडाला १०५ रुपये हा दर धरला तरी ही रक्कम ३३ लाखांच्या घरात जाते. तेथील घरभाडे व महागाई ध्यानात घेता या तुलनेला फार अर्थ नाही, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. तथापि एम. ए., बी. एड. होऊन घरी बसलेला तरुण अशी तुलना करणारच. खामगावच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हे आकडे आता सहज ऐकू येतात. त्यांच्या आणि त्या नोकरीच्या मध्ये जो दरवाजा आहे, त्याचे नाव कामाचा व्हिसा. या दरवाजाचे अर्थशास्त्र समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्ञानाची परीक्षा की पारपत्राची?

भाषाशिक्षकाच्या व्हिसाची एक गोष्ट इतर व्यवसायांहून वेगळी आहे. शल्यविशारदाचा हात कोणत्या देशात घडला हे पाहतात, तो कोणत्या देशात जन्मला हे सहसा कोणी विचारीत नाही. भाषाशिक्षकाला मात्र तोच प्रश्न प्रथम विचारला जातो. दक्षिण कोरियात परकीय भाषा शिकविण्यासाठी ‘ई-२’ या वर्गाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना सर्वसाधारणपणे मिळतो. चीनमध्येही ज्याची ती मातृभाषा आहे त्यानेच ती शिकवावी, हा सामान्य नियम असून त्याशिवाय पदवी आणि दोन वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा असते. म्हणजे वीस वर्षे व्याकरण शिकविलेला वऱ्हाडातील इंग्रजीचा प्राध्यापक अपात्र, आणि कोणत्याही विषयाची पदवी घेतलेला कॅनडाचा तरुण पात्र! जी भाषा १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने संघराज्याच्या कारभारात कायम ठेवली, जिच्यातील साहित्याला साहित्य अकादेमी पुरस्कार देते, ती भारतीयाची स्वतःची भाषा मानण्यास मात्र परराष्ट्रांचे व्हिसा अधिकारी तयार नाहीत.

जपानची कसोटी यापेक्षा न्याय्य दिसते. तेथील शाळांत परकीय भाषा शिकविण्यासाठी जो ‘शिक्षक’ वर्गाचा व्हिसा आहे, त्यात उमेदवाराने त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. येथे जन्माचा नव्हे, शिक्षणाचा हिशेब आहे. परंतु या हिशेबात आपल्या भागातील मुलांचे काय होते ते पाहावे. ज्याने जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत धडे गिरविले, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि पुढे इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, तो बारा वर्षांची बेरीज जमवू शकत नाही. शहरातील इंग्रजी शाळेत गेलेला सामान्य बुद्धीचा विद्यार्थी ती सहज जमवितो. नियम कोणाच्याही विरुद्ध नसतो. तरी त्याचा भार खेड्याच्याच अंगावर पडतो.

आपल्या इतिहासातील एक उदाहरण या ठिकाणी आठवावे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी सिलोन, ब्रह्मदेश अशी पायपीट करून पाली भाषा आत्मसात केली. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाचारण करण्यात आले, पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि १९२९ मध्ये ते पाली शिकविण्यासाठी लेनिनग्राडला गेले. पाली त्यांची मातृभाषा नव्हती. ती आता कोणाचीच मातृभाषा नाही. आजच्या व्हिसा अर्जातील पदवीच्या रकान्यात कोसंबींनी काय लिहिले असते? शिक्षकाची योग्यता कशाने ठरते, याचे उत्तर त्या काळच्या विद्यापीठांना आजच्या कचेऱ्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे ठाऊक होते, असे म्हणावे लागते.

हे नियम निसर्गाचे नियम नाहीत. ते वाटाघाटींनी बदलतात. १ जानेवारी २०१० रोजी भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार अंमलात आला. त्या करारामुळे इंग्रजी शिकविण्याची अर्हता असणाऱ्या भारतीय पदवीधर शिक्षकास सरकारी शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट कोरियाने मोकळी केली. सात देशांच्या भिंतीला पडलेले हे भगदाड व्यापारी कराराने पाडले, शैक्षणिक परिषदेने नव्हे. दुसरीकडे, आपल्याही रोजगार व्हिसाच्या नियमांत परदेशी कर्मचाऱ्यास किमान वेतनाची जी अट आहे, तीतून परकीय भाषा शिकविणाऱ्यांना सूट आहे; मात्र इंग्रजीच्या शिक्षकांना ती नाही. कारण उघड आहे : इंग्रजीचे शिक्षक आपल्याकडे मुबलक आहेत, असे आपलेच शासन मानते. जी वस्तू मुबलक आहे असे आपण आपल्या नियमात लिहितो, तिच्या निर्यातीसाठी आपण वाटाघाटीत किती आग्रह धरतो, हा प्रश्न दिल्लीला विचारण्यासारखा आहे.

पुराव्याची किंमत

व्हिसा हा परवाना आहे, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो पुराव्यांचा गठ्ठा आहे. पदवी खरी आहे याचा पुरावा, अनुभवाचा पुरावा, भाषा येते याचा पुरावा, पोलिसांत नाव नाही याचा पुरावा, प्रकृती ठीक आहे याचा पुरावा. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपोस्टिल’ ही मोहोर लागते. भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत २००५ मध्ये सहभागी झाला. खामगावच्या मुलाला गुणपत्रिकेसाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरील अमरावती विद्यापीठ गाठावे लागते, आणि साक्षांकन व भाषापरीक्षा यांसाठी बहुधा शेगावला गाडी पकडून साडेपाचशे किलोमीटरवरील मुंबई. दादर-पुण्याच्या उमेदवारास जे काम अर्ध्या दिवसाच्या रजेत होते, त्यासाठी याचे तीन दिवस मोडतात. पुराव्याची शासकीय फी सर्वांना सारखी असते. पुराव्याची खरी किंमत अंतराप्रमाणे वाढत जाते.

त्यानंतरचा खर्च पाहू. इंग्लंडला जाणाऱ्या शिक्षकास व्हिसा शुल्काखेरीज आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड, आणि तेही व्हिसाच्या सर्व वर्षांचे एकदम, भरावे लागतात. २०२४ मध्ये हा दर लागू झाला. तीन वर्षांसाठी ३,१०५ पौंड म्हणजे सव्वातीन लाख रुपयांच्या वर. माध्यमिक शिक्षणसेवकाचे वर्षाचे मानधन २ लाख १६ हजार. म्हणजे केवळ या एका बाबीसाठी दीड वर्षाचे संपूर्ण मानधन, न खाता न पिता, बाजूला ठेवावे लागेल. अमेरिकेने तर सप्टेंबर २०२५ मध्ये ‘एच-१बी’ व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. तेथील बहुसंख्य शाळाशिक्षकांचे वर्षाचे वेतनही इतके नसते.

जेथे पुरावा महाग आणि माहिती दुर्मीळ असते, तेथे दलाल उभा राहतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात फिलिपाइन्समधून नेण्यात आलेल्या सुमारे साडेतीनशे शिक्षकांचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. भरती करणाऱ्या संस्थेने त्यांच्याकडून हजारो डॉलर उकळले, अनेकांनी त्यासाठी कर्जे काढली. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. ते शिक्षक होते, सुशिक्षित होते, इंग्रजी उत्तम जाणणारे होते, तरीही फसले.

आपल्याकडील १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी भरती करणाऱ्या अभिकर्त्यास नोंदणी सक्तीची केली, आणि पुढे नियमांनी त्याच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपयांची व त्यावरील कराची मर्यादा घातली. पण या कायद्याची रचना दहावी न झालेल्या, आखातात जाणाऱ्या मजुराला समोर ठेवून झाली. जाण्यापूर्वी त्याचा करार तपासला जातो. पदवीधराच्या बाबतीत ‘हा शहाणा आहे, स्वतःचे पाहून घेईल’ असे गृहीत धरण्यात आले. २०१५ मध्ये परिचारिकांच्या बाबतीत हे गृहीतक शासनाने सोडून दिले आणि त्यांची भरती शासकीय संस्थांमार्फत व्हावी असा नियम केला. शिक्षकांच्या बाबतीत ते अजून सुटलेले नाही.

वऱ्हाडच्या कापसाचा धडा

४ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. अमेरिकन यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला जे महत्त्व आले, त्याची ती परिणती होती. खामगावचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचला. पण त्याची प्रत आणि किंमत ठरविण्याचा अधिकार लिव्हरपूलच्या बाजाराकडे राहिला. त्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने, म्हणजे अमरावतीच्या अपभ्रंशाने, ओळखला जाई. पिकविणारा एक, प्रत ठरविणारा दुसरा आणि नफा तिसऱ्याचा, ही कच्च्या मालाच्या निर्यातीची जुनी रीत आहे.

मनुष्यबळाच्या निर्यातीत तीच रीत पुन्हा अवतरण्याचा धोका आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. प्रारंभी दहा हजार तरुण पाठविण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यांना जर्मन भाषा येणे अपरिहार्य आहे, आणि परिचारिकेसारख्या व्यवसायात ती युरोपीय मोजपट्टीवर बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. ग्योथे संस्थेच्या अंदाजाप्रमाणे या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आता साधे अंकगणित मांडू. पंचवीस जणांचा एक वर्ग धरला तर दहा हजारांचे ४०० वर्ग होतात. प्रत्येकी ६०० प्रमाणे २ लाख ४० हजार तासिका. एक शिक्षक रोज चार तासिका आणि वर्षाचे २०० दिवस शिकवील तर ८०० तासिका होतील. म्हणजे जर्मन उत्तम जाणणारे तीनशे शिक्षक पूर्ण एक वर्ष केवळ याच कामाला लागतील. परदेशी माणसे पाठविण्याची योजना आधी घरात भाषाशिक्षक निर्माण करण्याची योजना असावी लागते, ती या कारणाने. आणि ज्यांना अशी भाषा येते त्यांना इंग्लंडची शाळाही खुणावू लागली आहे.

कर्तव्य काय?

भाषेचे शिक्षक बाहेर गेले तर आपल्या शाळांचे काय, असा आक्षेप घेण्यात येईल. तो गैरलागू नाही. पण मानधनावर झुलणाऱ्या आणि नेमणुकीची वाट पाहणाऱ्या पदवीधरांच्या रांगा ज्या राज्यात लागल्या आहेत, तेथे हा आक्षेप त्यांना थोपविण्यासाठी वापरणे अन्यायाचे होय. त्यांना येथे राखावयाचे असेल तर येथे पूर्ण वेतन द्यावे. ते देता येत नसेल तर निदान बाहेरची वाट तरी सुरक्षित करावी. केरळने १९७७ मध्येच परदेशी नोकऱ्यांसाठी ‘ओडेपेक’ ही शासकीय संस्था स्थापन केली, आणि २०२१ पासून तेथील ‘नोर्का रूट्स’ संस्थेमार्फत जर्मनीस जाणाऱ्या परिचारिकांना भाषा शिकण्याचा खर्च स्वतः सोसावा लागत नाही. हा दानधर्म नव्हे. ही गुंतवणूक आहे.

करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. विद्यापीठाने प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून दोनदा प्रमाणपत्र-साक्षांकनाचे शिबिर भरवावे. भाषापरीक्षेचे केंद्र मुंबई-पुण्याबाहेर, निदान अमरावती किंवा अकोल्यास, यावे यासाठी शासनाने संबंधित संस्थांशी बोलणी करावीत. बँकांनी परदेशी शिक्षणासाठी कर्ज द्यावे, तसे नोकरीचे पत्र हाती असणाऱ्या शिक्षकास पुराव्याच्या आणि प्रवासाच्या खर्चासाठी अल्प मुदतीचे कर्ज द्यावे. त्याची परतफेड एका वर्षात होऊ शकते. परदेशी भरतीच्या करारांची तपासणी शिक्षकांनाही उपलब्ध व्हावी. आणि यापुढे ज्या ज्या देशाशी व्यापारी करार होईल, तेथे भाषाशिक्षकाची पात्रता पारपत्रावरून नव्हे, तर परीक्षेवरून ठरावी, असे कलम भारताने आग्रहाने मांडावे. कोरियाच्या बाबतीत ते अंशतः साधले आहे.

तोपर्यंत जाणाऱ्याने एवढे पथ्य पाळावे : अभिकर्त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत पाहावी, पावतीवाचून पैसा देऊ नये, आणि वेतन, तासिका व परतीचे भाडे लिहिलेला करार हाती आल्याखेरीज असलेली नोकरी, मग ती तासिका तत्त्वावरची का असेना, सोडू नये.