ब्रिटनमध्ये गाडी चालवायचीय? प्रोव्हिजनल आधी काढा

शिकायला किंवा नोकरीसाठी ब्रिटनला आलेल्या मंडळींनो, भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते, आणि तिची पहिली पायरी म्हणजे प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स. वर्ष संपायची वाट अजिबात पाहू नका!

अर्ज लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेच्या साइटवरच करा. ऑनलाइन फी ३४ पौंड, पोस्टाने ४३. ओळखीचा पुरावा आणि मागच्या तीन वर्षांचे पत्ते हाताशी ठेवा. २० मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यायला हवी. चष्मा लावून चालतं. इथेच वाढलेल्या मुलांना १५ वर्षं ९ महिने झाले की अर्ज करता येतो, कार मात्र साधारणपणे १७ वर्षं पूर्ण झाल्यावरच चालवता येते.

कार्ड आलं म्हणून एकट्याने गाडी काढायची नाही. शेजारी बसणारी व्यक्ती २१ वर्षांवरची आणि तीन वर्षं पक्कं लायसन्स असलेली हवी. तिनेही हातात फोन धरायचा नाही, हे फार जणांना माहीतच नसतं. गाडीला पुढे-मागे 'एल' पाटी हवी (वेल्समध्ये 'डी'ही चालते) आणि शिकाऊ चालकासह विमा हवाच. जून २०१८ पासून मोटरवेवरही शिकता येतं, पण मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत, दुहेरी ब्रेकच्या गाडीतच.

परीक्षेच्या थिअरी भागातल्या प्रश्नांत ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर लागतात. त्यासाठी 'हायवे कोड' हे वाहतूक नियमांचं पुस्तक आजच वाचायला घ्या.