वाळवणाचं यंत्र घ्यावं का? गच्ची, कूलर आणि डिहायड्रेटर

(गांधीबागेत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पंख्याखाली जागा आहे.

आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर जिन्यात एका ताईंनी मला थांबवलं. त्यांचा दहा जणींचा बचत गट आहे. म्हणाल्या, "मॅडम, गटात चोवीस हजार जमा आहेत. सगळ्या म्हणून राहिल्या की वाळवायची मशीन घेऊ, कच्च्या खाऊची पाकिटं विकू. घ्यायची का नाही, तेवढं सांगून द्या." मी म्हटलं, जिन्यात नाही सांगता येणार, पुढच्या वेळी सांगते. ताई आज आल्या आहेत. तर हा सगळा त्या चोवीस हजारांचा हिशेब आहे असं समजा.

कच्चा खाऊ म्हणजे काय, ते आधी. मोड आलेली कडधान्यं, जवस, फळं, भाज्या वगैरे वाटून किंवा कापून, शिजवता-तळता नुसत्या कोमट हवेवर वाळवायच्या. साधारण 42 ते 48 अंशांच्या वर तापवायचं नाही, म्हणजे एन्झाइम जिवंत राहतात, असा त्यामागचा विचार. आता गंमत बघा. परदेशात लोक 46 अंशांची हवा मिळावी म्हणून यंत्र विकत घेतात. आपल्याकडे मे महिन्यात ती हवा दार उघडलं की आत येते. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. (2024 च्या मे महिन्यात एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले आणि गावभर बोंब झाली, तो आकडा मात्र यंत्राच्या बिघाडाचा होता.)

पण वाळवणाचं काम नुसत्या उष्णतेनं होत नाही. ते हवेच्या तहानेनं होतं. हवेला पाणी प्यायची किती जागा उरली आहे, हा खरा प्रश्न. मे महिन्याची दुपार घ्या. 45 अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 65 ग्रॅम वाफ मावते. त्या वेळी आर्द्रता वीस टक्के असेल, तर 13 ग्रॅम आधीच आहे, 52 ग्रॅमची जागा रिकामी. आता ऑगस्ट. 28 अंश, आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. त्या हवेत मावते मुळात 27 ग्रॅम, त्यातली 23 भरलेली. उरली किती? चार. म्हणजे मे महिन्यातल्या हवेची तहान ऑगस्टपेक्षा बारा-तेरा पट. आपल्या आज्यांनी कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या, पापड्या सगळं उन्हाळ्यात उरकून टाकलं, ते मुलांना सुट्ट्या असतात म्हणून नाही.

हे तुम्हाला नवीन नाहीच. घरात कूलर आहे ना? मे महिन्यात तोच कूलर थंडगार हवा देतो आणि जुलैत नुसता ओला वारा. यंत्र तेच, पंप तोच, वाळाही तोच. कोरडी हवा पाणी पिते आणि पिताना थंड होते. हवेची तहान भागलेली असली की कूलर बिचारा काय करणार? यातून एक घरगुती नियम निघतो: कूलर लावलेल्या खोलीत वाळवण कधी ठेवू नका. उन्हात कडकडीत झालेले पापड रात्री कूलरसमोर ठेवले की सकाळी वाकतात, हे पुष्कळांनी पाहिलं असेल.

मग डिहायड्रेटर काय करतो? एक गरम होणारी तार, एक पंखा, जाळीचे ट्रे. बाकी काही नाही. ऑगस्टची तीच ओली हवा तो 55 अंशांवर नेतो. हवेतली वाफ वाढत नाही, पण तिची मावण्याची जागा शंभर ग्रॅमच्या पुढे जाते. आर्द्रता वीस टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे पेटीपुरता मे महिना झाला. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की मला मे महिना कधी कमी पडतो? ज्यांचं सगळं वाळवण मार्च ते मे मध्ये होतं आणि ज्यांच्याकडे गच्ची आहे, त्यांना यंत्राची गरज फार थोडी.

गच्चीचं मात्र गांधीबागेत सोपं नाही, हे मला कळतं. शेजारची इमारत दोन मजले वर गेली की तुमचं ऊन अकरा वाजता येतं आणि तीनला जातं. खाली मालाच्या गाड्या, धूळ. कबुतरं तर विचारूच नका. गच्ची चार बिऱ्हाडांची, त्यात एकाचे कपडे, एकाची टाकी. तरी एक सांगते. मलमल घ्यायला आपल्याला लांब जायला नको, कापड बाजार पायाशी आहे. खाट, खाटेवर जाळी, वरून मलमलीचं आच्छादन, खालून वारा खेळता, एवढं केलं तरी अर्धी तक्रार जाते. फरशीवर प्लास्टिक पसरून त्यावर घालू नका. खालून वारा नसतो, खालची बाजू ओली राहते आणि बुरशी तिथून सुरू होते.

आता मी माझी चूक सांगते, कारण ताईंच्या प्रश्नात खरा धोका तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी मी यंत्र घेतलं. कंपनीचं नाव सोडा, यंत्रात दोष नव्हता. पावसाळा होता. मोड आलेले मूग आणि भिजवलेले जवस वाटले, जाड थापले आणि काटा 42 वर ठेवला. कच्चं राहिलं पाहिजे ना! बावीस तास लागले. मधे किंचित आंबूस वास आला, मी म्हटलं जवसाचा असेल. आम्ही तिघांनी खाल्लं. तिघांनाही त्रास झाला, पण सासरे 78 वर्षांचे. दोन दिवस सलाईनवर होते. मी अन्नशास्त्र शिकवलेली बाई. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हा मला सांगायला लाज वाटली.

काय झालं ते समजून घ्या. काट्यावर 42 दिसतात ते हवेचे. पदार्थ ओला आहे तोवर तो त्याहून बराच थंड असतो, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पुन्हा कूलरच. म्हणजे माझं मिश्रण तासन्‌तास तीस-पस्तीस अंशांवर बसलं होतं. ओलं, कोमट आणि पौष्टिक. जंतूंना आणखी काय हवं? 5 ते 60 अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा, आणि त्यातही शरीराच्या तापमानाजवळ ते सगळ्यात जोरात वाढतात. मोड आणताना तर आपण धान्य आधीच ओलं आणि उबदार ठेवलेलं असतं. थोडे जंतू असतील तर त्यांचे पुष्कळ तिथेच होऊन जातात. वाळल्यावर ते वाढायचे थांबतात, पण सगळे मरत नाहीत. पाकिटात झोपून राहतात.

आणि ज्यासाठी हा खटाटोप, त्या एन्झाइमचं काय? वनस्पतीचे एन्झाइम म्हणजे प्रथिनं. पोटातल्या आम्लात बहुतेकांची मोडतोड होते आणि बाकीच्या प्रथिनांसारखी ती पचून जातात. आपलं पचन आपल्या स्वतःच्या एन्झाइमवर चालतं. कमी तापमानाला रंग, वास चांगला राहतो हे खरं, काही जीवनसत्त्वंही. पण क जीवनसत्त्व हवेनं आणि वेळानंही जातं. बावीस तास कोमट ठेवून तुम्ही ते वाचवलं असं समजू नका.

म्हणून माझा आता नियम असा आहे. मोडाचं काही वाळवायचं तर आधी वाफवून घ्यायचं. मग ते कच्चं राहत नाही, मान्य आहे. विकायचं असेल तर त्यात तडजोडच नाही. फळं आणि भाज्या पातळ, सारख्या जाडीच्या कापून 55 ते 60 वर. ज्यांना कच्चंच हवं आहे त्यांनी फळंच घ्यावीत, आंबटातली घेतली तर आणखी बरं. पहिला तास-दीड तास 60 वर ठेवून मग खाली आणलं तर वरचं पाणी लवकर उडतं आणि तेवढ्या वेळात पदार्थ स्वतः फारसा तापत नाही. त्यापेक्षा जास्त घाई मात्र नको, वरचा पापुद्रा कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं.

बरं, पैसा. एक किलो टोमॅटोत 940 ग्रॅम पाणी. कडक वाळवले तर हातात येतात 65-70 ग्रॅम. सोललेल्या संत्र्याचे दीडशे. केळ्याचे पावणेतीनशे ते तीनशे. संत्र्याचं नाव निघालं की इथे सगळ्यांचे डोळे चमकतात, पण आपलं संत्रं या कामाला अवघड आहे. साल सुटी, चकती धरत नाही, बिया भरपूर, आणि रस काढून ठेवला की कडवट होतो तसा वाळवल्यावरही कडवटपणा वर येतो. आधी घरी एक डझनावर करून बघा.

यंत्र 400 वॅटचं धरा, बारा तास सतत चाललं तर पावणेपाच युनिट. तार मधूनमधून बंद होते, म्हणजे थोडं कमीच. युनिटला 10 रुपये धरू, हिशेबाला सोपं. एका खेपेला पन्नास रुपये. विजेनं कुणी बुडत नाही. बुडतं ते यंत्र माळ्यावर जाऊन. स्टीलच्या ट्रेचं साधारण 12 हजारांचं यंत्र वर्षाला वीस वेळा, पाच वर्षं वापरलं तर एका खेपेला 120 रुपये पडतात. वर्षाला चारच वेळा वापरलं तर 600. दोन किलो फळाचे तीनशे ग्रॅम आणि वर सहाशे रुपये! त्यापेक्षा इतवारीच्या किराणा ओळीत जाऊन अंजीर घ्या की.

घरच्यासाठी विचाराल तर: बाग असेल, शेतातून माल येत असेल, पावसाळ्यात-हिवाळ्यात नियमित वाळवायचं असेल, किंवा ऊन अजिबात नसेल, तर घ्या. प्लास्टिकच्या गोल यंत्रात खालचा ट्रे करपतो, वरचा ओला राहतो, सारखे फिरवावे लागतात. मागून वारा येणारं चौकोनी बरं. काटा 70 पर्यंत जाणारा हवा.

गटासाठी हिशेब वेगळा. घरगुती यंत्रात दिवसाला तीनशे-चारशे ग्रॅम माल निघतो. दहा जणींमध्ये वाटून बघा. छत्रपती संभाजीनगरच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीजला 2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, त्यांचं काम जरूर पाहा. खेड्यातल्या महिला सौर वाळवणी यंत्रांवर शेतमाल वाळवतात. पण तिथे माल शेताजवळ आहे, उष्णता सूर्याची आहे आणि गिऱ्हाईक ठोक आहे. आपल्याकडे गांधीबागेत यातलं काय आहे? गिऱ्हाईक आहे. माल कळमन्याहून आणावा लागेल. मोठं यंत्र घ्यायचं झालं तर 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. आजच्या अटी कृषी कार्यालयात जाऊन विचारा. आणि विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षेची नोंदणी आलीच, एक पाकीट असो की हजार.

प्रश्न घेऊ. "वाळलं हे ओळखायचं कसं?" फळाचा तुकडा गार करून मोडा किंवा दाबा, ओल बोटाला लागता कामा नये. गरम असताना सगळंच मऊ वाटतं. मग काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आठ-दहा दिवस रोज हलवा. बरणीला आतून दव आलं की परत ट्रेवर. बुरशी दिसली की सगळी बरणी फेका, वरचं काढून खालचं ठेवू नका.

"एअर फ्रायरमध्ये होईल का?" त्यात वाळवणाची सोय असेल आणि तापमान 60 पर्यंत खाली येत असेल तर होईल, पण मूठभर. आवडतं का हे बघायला तेवढं पुरे.

ताई, तुमचं. चोवीस हजार सध्या तसेच राहू द्या. माझं यंत्र घरी पडून आहे. जुलैत घेऊन जा, दोन महिने ठेवा. टोमॅटो, केळी, चिकू करून बघा, मोड नको. प्रत्येक खेपेला वहीत लिहा: किती घातलं, किती निघालं, किती तास, मीटरवर किती, किती विकलं आणि कुणी दुसऱ्यांदा मागितलं. सप्टेंबरात यंत्र आणि वही दोन्ही घेऊन या. वही आधी.