पोर वर्गात का बसत नाही?



"गुरुजी, दोन रट्टे द्या, पण पोराला सुधारा," असं शाळेच्या दारात सांगणारे बाप अजून भेटतात. मी शेतकी खात्याचा माणूस. पण आमच्या बैठका बहुधा शाळेच्या ओट्यावरच भरतात, तेव्हा ही गाऱ्हाणी कानावर येतात. पोर एका जागी बसत नाही, मारामाऱ्या करतं, पळून जातं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहणारा माझा भाचाही आपल्या मुलाबद्दल हेच सांगतो. तिथल्या इमारती उंच, एवढाच काय तो फरक.

त्याच रेल्वेनं पुढे डहाणूला उतरलं की कोसबाडची टेकडी जवळ आहे. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. १९५७ साली ते या टेकडीवर आलं. वारल्यांची पोरं शाळेत टिकेनात. दुसऱ्या कुणी त्यांना नाठाळ ठरवून छडी उचलली असती. या बाईंनी कारण शोधलं. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड आणि भावाकडे गुरं! मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. तिचं नाव विकासवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली. खडे, बिया, शंख-शिंपले यांवर मुलं मोजायला शिकली. मारून किंवा बक्षिसाची लालूच दाखवून शिकवणं ताराबाईंना मान्यच नव्हतं.

आपला ऊस पिवळा पडला तर आपण काठी घेऊन धावतो का? बुडखा उपटून बघतो, पाणी साचलंय की हुमणी लागलीय. पोराचंही तसंच बघा. सकाळी भाकरी खाऊन गेलं का? रात्री मोबाइलवर किती वाजेपर्यंत जागलं? मागच्या बाकावरून फळा दिसतो का, ऐकू येतं का? घरात कुणी हात उगारतं का? (हा प्रश्न बापांना आवडत नाही, ठाऊक आहे.) ऊसतोडीला गेलेलं पोर चार-पाच महिन्यांनी परत येतं, त्याला पुढचं काही समजत नाही. मग ते दंगा करणार नाही तर काय?

शिवाय आता मारणं कायद्यात बसत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. चारचौघांत 'ढ' म्हणून हिणवणंही मी त्यातच धरतो.

याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मायभगिनींनो, नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. आपल्या शाळेत किती आहेत, आणि ते दोघे रोज वर्गावर असतात का, हे पुढच्या बैठकीत हजेरीपट मागून बघा.