हुजूरबाजारांच्या घरचे संख्याशास्त्र

परवा सौंसरकडचे एक संत्रा बागायतदार घरी आले. त्यांची मुलगी यंदा बी.एस्सी. झाली. तिला पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे, वडिलांच्या मनात बी.एड. "सर, पोरीले आकडेच मोजाचे असन, तं मंडीत का कमी हाये?" त्यांनी मला सरळच विचारले. मी पडलो अर्थशास्त्राचा एम.ए. माझे संख्याशास्त्र सरासरी आणि निर्देशांक शिकवण्यापुरते. पण मला हुजूरबाजारांचे घर आठवले आणि चहा थंड होईपर्यंत तेच सांगत बसलो.

वसंत शंकर हुजूरबाजार मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९१९ चा. १९४९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., तीही हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या गुरूंकडे. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा राहिला तो त्यांच्या हाताने. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढे ते अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात शिकवू लागले, १९९१ मध्ये वारले. त्यांचे काम कागद-पेनचे, शुद्ध गणिताचे. स्नेहलता आणि अपर्णा या त्यांच्या दोन मुलीही अमेरिकेत संख्याशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. मात्र वडिलांच्या कागदाला त्यांनी संगणकाची जोड दिली.

अपर्णाताईंचे २००५ सालचे पुस्तक 'फ्लोग्राफ' या पद्धतीवर आहे. ती समजावी म्हणून मी बागायतदारांना आपली एस.टी.-बसची गोष्ट सांगितली. पांढुर्ण्याहून नागपूर गाठायचे. थेट गाडी मिळेल, नाहीतर सौंसरला उतरून दुसरी धरायची. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ रोज निराळा. सरासऱ्यांची बेरीज कोणीही करील. पण 'तीन तासांत पोहोचण्याची शक्यता किती' असे विचारले, की गणित भलतेच अवघड होते. त्यात प्रवासी काही विसरून सौंसरहून परत घरी आला, तर विचारूच नका! फ्लोग्राफमध्ये टप्प्यांचा नकाशा काढतात, प्रत्येक बाणावर त्या टप्प्याच्या वेळेचे गणिती रूप लिहितात आणि फेऱ्यांसकट सगळ्यांचे मिळून एकच सूत्र करतात. त्या सूत्रावरून पुन्हा खऱ्या वेळेकडे येणे हे कठीण काम. तिथे डॅनियल्स यांनी १९५४ मध्ये मांडलेली 'सॅडलपॉइंट' ही अदमासाची रीत कामी येते, आणि आकडेमोड संगणक करतो. याच रीतीचा व्यवहारात वापर कसा करावा, यावर स्नेहलताताईंनी लिहिले आहे.

बसऐवजी रोगी धरा. बरा, आजारी, पुन्हा बरा, पुन्हा आजारी. किंवा एखादे यंत्र धरा.

बागायतदार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या डिंक्यासारखं. बोर्डो लावला का झाड सुधरते, पावसाळ्यात पुन्हा डिंक गयते." मी चकित झालो. वर्गात तासभर बोलून जे जमत नाही, ते या गृहस्थांनी दोन वाक्यांत पकडले होते.

"मंग कोणतं झाड किती वर्ष टिकन, हे सांगता येईन का?"

मी खरे तेच सांगितले. झाडागणिक नोंद असली तर अंदाज बांधता येईल, नुसत्या आठवणीवर नाही. त्यांच्याकडे वही नव्हती. कोणाकडे असते?

उठताना त्यांनी बी.एड.चे नाव काढले नाही. होकारही दिला नाही. चपला घालताना एवढेच विचारले, "पुण्याले होस्टेलचा खर्च का लागते, सर?"