वजन पितळेचं, मोल हाताचं

मुरादाबादी लोटा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहे, मुरादाबाद मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. उत्तर प्रदेशात रामगंगेच्या काठी वसलेलं हे शहर ‘पीतलनगरी’ म्हणून ओळखलं जातं. शहाजहानच्या काळात रुस्तम खान दख्खनी या सरदाराने ते वसवलं आणि शहजादा मुरादबख्शचं नाव त्याला दिलं. उर्दूच्या विद्यार्थ्यांना ते जिगर मुरादाबादींमुळे ठाऊक असतं, बाकीच्यांना भांड्यांमुळे.

जुन्या शहरात मंडी चौकाच्या आसपास गेलं की भांडीच भांडी दिसू लागतात. लोटे, कटोरे, सुरया, पानदान, हंड्या, परातीएवढी थाळी, सरबताचे पेले. दोन माणसांनी उचलावी एवढी देग आणि तळहातावर मावेल एवढी सुरमेदाणी शेजारी शेजारी. जेवणाआधी पाहुण्यांचे हात धुवायला लागणारी सिलफची आता घरांतून गेली, इथे ती अजून पाहायला मिळते. रोजा असताना या बाजारात फिरण्याची गंमत वेगळीच. सगळी भांडी रिकामी, आणि आपणही!

इथला लोटा नीट पाहावा. तोटी असलेला वुजूसाठी, बिनतोटीचा पूजेसाठी. मशिदीत आणि देवघरात जाणारी ही दोन्ही भांडी एकाच गल्लीत घडतात. समया, घंटा, आरतीची तबकं, इतकंच काय देवादिकांच्या मूर्तीही इथले मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत. त्याचं त्यांना कौतुक नाही आणि अवघडलेपणही नाही. काम आहे, ते नीट झालं पाहिजे, एवढंच.

दुकानात चकाकणारं भांडं तिथवर पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातं. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. जुनी मोडही वितळवली जाते. वाळूच्या साच्यात रस ओतायचा ती ढलाई. थंड झाल्यावर खडबडीत भाग तासायचा ती छिलाई. मग जोडकाम, नक्काशी, शेवटी पॉलिश. एकेका कामाचा कारागीर वेगळा आणि बहुतेकांची मजुरी नगावर. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथिलाची कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्याकडच्या आजींना सांगायला नको. खिचड्याची देग घ्यायची असेल तर आधी आतून हात फिरवून पाहावा.

नक्काशी करणारा ज्या छिन्नीने पितळेवर वेलबुट्टी उमटवतो, तिला तो ‘कलम’ म्हणतो. ज्या रमजान महिन्यात कुरआनचं अवतरण सुरू झालं, त्यातल्या अगदी पहिल्या आयतींमध्ये कलमेचा उल्लेख आहे. आपण लिहिणारी कलम ओळखतो, कोरणारी विसरतो. या कलेला मान मिळालाच नाही असं नाही. २०१४ साली मुरादाबादच्या धातुकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये इथले नक्काशीकार दिलशाद हुसैन यांना पद्मश्री. पण गल्लीतल्या कारागिराचा दिवस त्याने फारसा बदललेला नाही. यंत्रावर छापलेली नक्षी स्वस्त पडते. निर्यातीचा माल ॲल्युमिनियम, लोखंडाकडे वळला आहे. भट्टीचा धूर छातीत बसतो तो वेगळाच.

रमजानमध्ये ही भट्टी थांबत नाही. सहरी करून आलेला माणूस वितळलेल्या पितळेसमोर उभा राहतो आणि ओठ कोरडे पडले तरी साच्यावरची नजर हलू देत नाही. हजरत दाऊद यांच्या हातात लोखंड मऊ केलं गेलं, ते स्वतः चिलखतं घडवत, हे आपण बयानात ऐकतो. हाताच्या कमाईचा मोठेपणा सांगतो. आणि बाजारात आल्यावर?

भांडं काट्यावर चढतं. पितळेचा भाव किलोवर ठरलेला, त्यात कुणी फारशी सूट देत नाही. घासाघीस उरते ती घडाईची. म्हणजे आपण जे पैसे वाचवतो, ते धातूतून नव्हे, कुणाच्या तरी मजुरीतून वाचवतो. ईदच्या आधी तोच ग्राहक अडीच टक्के जकात काढतो आणि ती अशाच एखाद्या मोहल्ल्यात वाटली जाते. जकात देणं फर्जच आहे. पण ती घटवलेल्या मजुरीची भरपाई नव्हे. मजुरी हा कारागिराचा हक्क आहे. तो पुरता मिळाला तर त्याच्या घरातल्या कुणाला जकातीसाठी हात पुढे करावा लागणार नाही, आणि जकातीचा हेतूही शेवटी तोच आहे.

मुरादाबादला जाणं झालं तर भांडी जरूर घ्यावीत. यंत्राची नक्षी एकसारखी असते, हाताच्या नक्षीत एक पाकळी दुसरीसारखी नसते, एवढी खूण पुरे. घडाई विचारावी, पटली तर घ्यावी, नाही पटली तर सलाम करून पुढे जावं. या महिन्यात तरी कमी करायला सांगू नये.